थांबेकाका

हायवेच्या तोंडाशी आले की थांबेकाका आमची कंपनीची बस पार उभी करून हँडब्रेक ओढायचे. घाटकोपरहून मुलुंडला जायचं, म्हणजे डावीकडून हायवेला लागायचं. उजवीकडून ट्रक-टँकरची रांग सरेपर्यंत काका स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहायचे. खरं आडनाव वेगळं होतं; थांबे हे आम्ही पॅकिंगच्या बायकांनी पाडलेलं.

"काका, घाला ना गाडी! इथंच बिऱ्हाड करायचंय का?" मागून कुणी तरी ओरडायचं.

"रस्तो तेंचो आसा, बाय. आमी मागसून इलंव," ते मालवणीत सांगायचे. वळायचेही नाहीत.

एखाद्या ट्रकवाल्याने वेग कमी करून जागा दिलीच, तर काका खिडकीबाहेर हात काढून त्याला सलाम करायचे. ट्रक बाजूने कधीच पुढे निघून गेलेला असायचा, हात तसाच बाहेर.

आम्हाला हसू यायचं नाही. पहाटे चारला नळावर उभं राहायचं, डबे भरायचे, मग आठ तास उभ्याने गोळ्यांची पाकिटं. त्यात उशिराचे तीन लाल शिक्के पडले की महिन्यातली एक रजा जायची. शेवटी आम्ही साहेबांकडे अर्ज दिला. लिहिला मी. सह्या सगळ्यांच्या.

काकांना गेटवर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. नवा ड्रायव्हर हॉर्नवर हात दाबून सरळ घुसायचा. लाल शिक्के थांबले.

एका सकाळी तो असाच घुसला आणि हायवेवरून चाललेला एक स्कूटरवाला दचकून कडेच्या मातीत पडला. मागे त्याची बायको होती. बस थांबली नाही. मी खिडकीतून बघत होते. आत कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी गेटवर गेले आणि काकांना सगळं सांगितलं.

"उठलो मां तो?" त्यांनी विचारलं.

"हो. ती पण उठली."

"मग बरा." ते पुन्हा वहीत बघू लागले.

माझा पाय निघेना. "काका, तो अर्ज मी लिहिला होता."

"ठावक आसा. सायबान दाखवल्यान माका." त्यांनी चष्मा काढून पुसला. "अक्षर बरा आसा तुजा."

रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. भोंगा झाला, मी आत गेले.

शिमग्याच्या आधी ते निवृत्त होऊन गावी गेले. निरोपसमारंभ वगैरे काही झाला नाही. मला तर दोन दिवसांनी कळलं. मी आणखी अकरा वर्षं त्याच बसने गेले. रोज वेळेवर पोचत होते.