आयेच्या बाजूचं चाक

माझ्या नवऱ्याचा माणसांपेक्षा यंत्रांवर विश्वास जास्त. कपाळाला हात लावून मी म्हटलं ताप नाही, तरी थर्मामीटर लावल्याशिवाय ते अंथरुणातून उठायचे नाहीत. दोन हजार आठ-नऊच्या सुमारास मस्कतला असलेले माझे थोरले दीर चतुर्थीला गावी आले, ते भावाच्या पिकअपसाठी असंच एक यंत्र घेऊन. चारही चाकांच्या व्हॉल्व्हवर चार टोपणं बसवायची आणि आत ड्रायव्हरसमोर एक डबी चिकटवायची. डबीवर गाडीचं चित्र, प्रत्येक चाकाशी हवेचा आकडा. हवा कमी झाली की डबी शिट्टी मारणार. दीर समजावून सांगायला बसेपर्यंत ह्यांची टोपणं लावूनसुद्धा झाली होती.

पिकअप मासळीची. सकाळी वेंगुर्ल्याच्या जेटीवर सासूबाई लिलावात मासे घ्यायच्या, आणि मग आम्ही तिघं कुडाळच्या बाजाराला निघायचो. हे स्टिअरिंगवर, मी मधे, आणि डावीकडे खिडकीशी सासूबाई. अंगाने चांगल्या भरलेल्या. त्या बसल्या की गाडीही जरा नमस्कार करायची.

पहिल्याच सकाळी त्या चढल्या, दार लागलं, आणि डबी किंचाळली. पुढचं डावं चाक, हवा कमी. ह्यांनी वाटेत हवा भरली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग मात्र ह्यांना राहवलं नाही.

"आये, तू बसलंस काय ह्यां वराडता बघ."

"माका जोखूक मशीन हाडलंस?" सासूबाई म्हणाल्या.

हे हसले, मीही हसले. ते माझं जरा जास्तच झालं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सासूबाई पुढे बसल्याच नाहीत. डोक्याला टॉवेल गुंडाळून मागे बर्फाच्या पेट्यांमध्ये जाऊन बसल्या, पालखीत बसावं तशा ताठ. डबी तरीही किंचाळली.

"मागसून पण वजन पडताच," हे म्हणाले.

पुढे सगळा घोळच झाला. डाव्या चाकात हवा भरली की डबी सांगायची, उजव्यात जास्त झाली. मग हे उजव्यातली सोडायचे. सोडली की डाव्यातली आणखी कमी दिसायची. पंक्चरवाला आम्हाला लांबून बघूनच विचारायचा, "आज हवा भरूची काय सोडूची?" गाडी हळूहळू उजवीकडे झुकायला लागली. वळणावर मी ह्यांच्या अंगावर जायची.

"गाडी उजवीकडे कलते," मी म्हटलं.

"मशीन डाव्यात कमी सांगता आणि तू उजव्यात सांगतंस?" ह्यांनी मला गप्प केलं.

शेवटी दिरांची परत जायची वेळ आली, तेव्हा हे यंत्र बिघडलेलं आहे, परत घेऊन जा, असा निकाल ह्यांनी दिला. अंगणात टोपणं काढायला घेतली. मी गाडीत बसून डबी सोडवत होते. ह्यांनी पुढच्या डाव्या चाकाचं टोपण काढलं, आणि डबी माझ्या हातातच ओरडली.

"अहो, उजव्यात शून्य दाखवतंय!"

"उजव्याक मी हात लावूक नाय."

टोपण परत लावलं. मग उजव्या चाकाचं काढलं. डबीने डाव्यात शून्य दाखवलं. दीर पडवीत चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"टोपणां लावताना तू खंय उभो होतस रे?"

हे बोनेटसमोर जाऊन गाडीकडे तोंड करून उभे राहिले. आपला डावा हात वर केला. तो हात नेमका गाडीच्या उजव्या चाकासमोर आला होता. हे बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले आणि मग तो हळूच खाली घेतला. डावी-उजवीकडची टोपणं उलटी लावली होती. इतके दिवस हे भरलेल्या चाकात हवा भरत होते आणि रिकाम्यातली सोडत होते.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे हवा कमी खंयच्या बाजूक होती?"

"उजव्या."

"आणि थंय कोण बसता?"

ह्यांनी पोट थोडं आत घेतलं. दिरांना हसता हसता ठसका लागला.

दुसऱ्या सकाळी सासूबाई खिडकीशी बसल्या आणि दार गरजेपेक्षा जोरात लावलं. बाजारात ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली. मासळीवाल्या बायका ह्यांच्या पोटाकडे बघून विचारायच्या, "काय रे, आज हवा किती?" हेही हसून घ्यायचे. दुसरं करणार काय!

टोपणं नीट लावल्यावर यंत्र अगदी शहाण्यासारखं वागलं. गंमत म्हणजे त्याचा लळा लागला तो सासूबाईंनाच. गाडी सुरू झाली की आधी मला कोपर मारायच्या, "बघ गो, तुझ्या घोवाच्या बाजूक बरा आसा मां?" आणि मी डबीकडे बघायच्या आत हेच घाईघाईने सांगायचे, "बरा आसा आये, बरा आसा."