शकुबाईनं मागितलेला वारा

पंचवटीतले रिक्षावाले सावळीराम आचाऱ्याला लांबूनच ओळखत, आणि तो एकदा बसला की दुसरं गिऱ्हाईक घेत नसत. लग्नाच्या पंगतींवर पोसलेलं ते शरीर. त्याला नावं ठेवणारेच त्याचा मसालेभात तीनतीनदा मागून खायचे, ते सोडा. असा हा माणूस नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या एका हॉटेलातून थेट गोऱ्या मालकाच्या शिडाच्या बोटीवर स्वयंपाकी म्हणून गेला. बोट सागवानी, मालकाच्या आजोबांच्या वयाची, पण अजून नवरीसारखी नटलेली.

दर वर्षी इटलीच्या किनाऱ्यावर अशा श्रीमंती बोटींची शर्यत लागे. जुन्या लाकडी बोटी संथ, म्हणून त्यांना आधी सोडायचं, नव्या चकचकीत बोटींना मागून. शर्यतीला बोट हलकी हवी, म्हणून कप्तान गाद्या, पातेली, फ्रीजमधलं सामान सगळं धक्क्यावर उतरवायचा. त्यातच सावळीरामलाही. वारा जोराचा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा बोट एका अंगावर कलते, आणि वर उचललेल्या काठावर वजनदार माणसं बसवून तिला तोलावं लागतं. पण तसा वारा मेला कधी सुटायचाच नाही. ज्यांना वर्षभर जेवू घातलं ते शर्यतीला निघायचे, आणि हा पातेल्यांशेजारी उभा राहून हात हलवायचा. त्याला ते फार लागायचं.

दोन हजार पाच साली गुडघे बोलायला लागले. हे शेवटचंच वर्ष, हे त्यानं ओळखलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यानं घरी बायकोला, शकुबाईला फोन लावला. नवरा पाण्यावर, म्हणून ती रोज काळारामापुढे हात जोडून समुद्र शांत ठेव म्हणायची, हे त्याला ठाऊक होतं.

“शकू, तुझा राम तुझं फारच ऐकतो बघ. उद्या एक दिवस वारं माग.”

“वेड लागलंय का तुम्हाला? पोहता तरी येतं का?”

“नाही येत. पण शर्यतीत बसायचंय गं. एकदाच.”

तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा असा सुटला की धक्क्यावरची पातेली गडगडत गेली. कप्तानानं स्वतः हाक मारली. सावळीराम उंच काठावर पाय बाहेर सोडून, दोन्ही हातांनी दोर धरून बसला. लाटा तोंडावर येत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी ‘जरा सरका’ म्हणत नव्हतं. ‘हलू नकोस’ म्हणून ओरडत होतं. शेवटाला एक अजस्र नवी बोट त्यांना मागे टाकून गेली. नंबर आला सातवा. सावळीराम हसत होता आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

संध्याकाळी त्यानं फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिकडून उचलला गेला.

“मागितलं होतंस ना गं?”

“मागितलं,” शकुबाई म्हणाली. “अन् तेव्हापासून इथं फोनपाशी बसलेय. जेवले पण नाही. आता घरी या तुम्ही.”