सरजाबाईचे बूट

ग्यानोबाला डुकरानं मारलं, असं सगळं हिवरदरा गाव म्हणायचं. सरजाबाई म्हणायची, डुकरानं न्हाई, वहाणेनं मारलं.

तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. डुक्कर जाळीतून खिंडीकडं हाकायला, म्हणजे हाक्याला, गेलेल्या माणसांच्या भाकरी घेऊन ती टेकाडावर आली होती, आणि खाली खिंडीत तिचा नवरा भाला धरून उभा होता. भाला फेकायचा नसतो. फाळ खाली ठेवायचा, मागचं टोक मांडीला दाबायचं आणि डुकराला त्याच्या जोरानं भाल्यावर येऊ द्यायचं. माणसाचं काम एकच, पाय हलू द्यायचा नाही. ग्यानोबाचा पाय कधी हलला नव्हता. त्या दिवशी ओढ्याच्या जाळीतून एकसुळ्या निघाला. एक सुळा मोडलेलं, पारड्याएवढं रानडुक्कर. ते दहा हातांवर असताना ग्यानोबाच्या वहाणेचा अंगठा तुटला. पाय वहाणेतून बाहेर आला, घोटा वळला, अंग अर्धं फिरलं, आणि डुक्कर भाल्याच्या खालून आत शिरलं. जुनं धोतर टरकावं तशी मांडी गुडघ्यापासून जांघेपर्यंत टरकली.

सरजाबाई टेकाडावरून धावली. धोंड्यात तिचा डावा पाय अडकला आणि काडकन मोडला. उरलेला उतार ती रांगत गेली. ती पोचली तेव्हा ग्यानोबाचं तोंड हलत होतं, आवाज नव्हता. कुत्री खडकावरचं रक्त चाटत होती आणि तिचा दीर नरसिंग त्यांना काठीनं झोडपत होता, झोडपता झोडपता रडत होता.

तिचा घोटा हाडवैद्यानं बसवला, पण सरळ बसला नाही. ढेकळावर पडला तरी पाय बाहेर कलंडायचा. ती त्या पायाला ‘सवत’ म्हणायची. घरातच राहती अन् वेळंला दगा देती.

मग दुष्काळ आला. पहिल्या वर्षी विहिरींचे तळ दिसले, दुसऱ्या वर्षी तळाला भेगा पडल्या. गावाला पाणी राहिलं ते एकाच जागी, खिंडीखालच्या डोहात. आणि डोहावर एकसुळ्यानं बिऱ्हाड मांडलं. त्याला पाणी पाहिजे होतं, गावालाही पाहिजे होतं. बाया डबे वाजवत, घोळक्यानं जायच्या. एका सकाळी पारूबाई घोळक्याच्या मागं राहिली. बायांना आधी घागर फुटल्याचा आवाज आला, मग तिचा. तिची आतडी तिच्याच पदरात गोळा करून तिला वर आणली. संध्याकाळपर्यंत ती पाणी मागत होती, आणि पाजायचं नाही असं सगळे एकमेकांना सांगत होते.

दोनदा हाका झाला. दोन्ही वेळा एकसुळ्या खिंडीतून सरळ निघून गेला, कारण खिंडीत कुणी उभंच नव्हतं. हिवरदऱ्यात रीत होती, खिंडीची जागा घराची. ज्या घराचा माणूस तिथं पडला, त्याच घरानं पुन्हा भाला धरायचा. धरायचा नसेल तर म्हसोबापुढं भाला ठेवून मोकळं व्हायचं, मग दुसरं घर पुढं येईल. ग्यानोबाच्या घरात आता दोघंच होती. नरसिंग आणि सरजाबाई.

"वैनी, मला जमत न्हाई," नरसिंग म्हणाला. "डुक्कर दिसलं की दादाची मांडी दिसती. हातातलं काय बी गळून पडतं. तू म्हणशील तर भाला ठिवून येतो म्हसोबाला."

सरजाबाई लग्न होऊन आली तेव्हा हा नरसिंग उघडाच अंगणात पळायचा. तिनं त्याला भरवलं होतं, त्याचं नाक पुसलं होतं. ती त्याच्यावर चिडली नाही.

"भाला न्हाई ठिवायचा," ती म्हणाली. "खिंडीत म्या थांबते."

पारावर हे कळल्यावर व्यंकटी म्हणाला, "बरं हाय. डुक्कर हसून हसूनच मरंल."

"तू थांबतूस का?" तिनं विचारलं.

"मपल्या घराची जागा हाय का ती?"

"मग तोंड बी तुपल्या घरी ठिव."

"लंगडी म्हैस," व्यंकटी हळूच म्हणाला. हळूच म्हणाला तरी नरसिंगनं ऐकलं. त्यानं व्यंकटीचं डोकं धरून पाराच्या कडंवर आपटलं. दोन माणसांनी सोडवलं तोवर व्यंकटीचा दात पडला होता आणि तो चिंचेखाली रक्त थुंकत बसला होता. डुकरापुढं हात गळणाऱ्या माणसाचं हे बळ बघून सरजाबाईला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

तिनं दोन शेळ्या विकल्या आणि नरसिंगला घेऊन चाकूरवरून लातूरची मोटार धरली.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. जिकडं तिकडं पाट्या रंगवणं चाललं होतं. पोलिसभरतीसाठी खेड्यापाड्यातली तरणी पोरं लोटली होती, आणि गंजगोलाईच्या गोल बाजारात जोड्यांच्या दुकानांपुढं बूट नाडीनं टांगले होते, कोंबड्या उलट्या टांगाव्या तसे. सरजाबाई मुद्दाम आधी उन्हात गोलाईला दोन फेरे मारून आली.

"कामून फिरायलीस?" नरसिंग वैतागला.

"सकाळचा पाय पाव्हण्यावानी ऱ्हातो. दुपारी फुगला की खरं माप देतो."

दुकानदार रेवणप्पा उदगीरकडचा होता, बोलण्यात कानडी मिसळलेली. "बर्री अक्का, या बसा. चप्पल दावू का?"

"बूट दावा."

"मालकाचा माप आणलाव का?"

"मपल्याच पायाला पायजे."

दुकानातली भरतीची पोरं वळून बघत हसायला लागली. रेवणप्पानं गालातल्या गालात हसू दाबलं. "भरतीला चाललाव का अक्का?"

"हाव. डुकराच्या भरतीला."

त्यानं पहिल्यांदा चकचकीत काळे काढले. ती ते घालून दुकानाच्या पायऱ्या चढली आणि उतरली. उतरताना बोटं पुढं आपटली. "उतारावर नखं काळी पडतील," म्हणून तिनं काढून ठेवले. दुसरे लोखंडासारखे जड, पायाला जातं बांधल्यागत. तिसरे कापडी, हलके, मऊ. नरसिंगला ते फार आवडले. तिनं डावा पाय बाहेर कलंडवून बघितला. कापडही पायाबरोबर कलंडलं. "हे तर सवतीच्याच बाजूचं," ती म्हणाली.

चौथा जोड तपकिरी होता. जाड कातडं, घोट्याच्या वर चार बोटं चढणारा, खाली खाचाखाचांचा रबरी तळ. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली, म्हणजे कुसळ आत जायला वाट नाही. आत तिनं धोतराचं फडकं गुंडाळून पाय घातला. बोटं हलत होती, टाच उचलत नव्हती. तिनं नाड्या तळापाशी सैल आणि घोट्यापाशी आवळून बांधल्या, उभी राहिली, अंगाचा भार डाव्या पायावर टाकला. मग म्हणाली, "नरसिंग, घोट्यावर लाथ घाल."

"आं?"

"घाल म्हंते ना. आडवी."

"वैनीला लाथ घालू?"

"डुक्कर तुज्यावानी इचारणार न्हाई."

नरसिंग खाली वाकला, तिच्या बुटांना हात लावून कपाळाला टेकवला, आणि उठून एक लाथ घातली. पोरं हसायची थांबली. दुसरी लाथ त्यानं जीव खाऊन घातली. सरजाबाई हलली, पण घोटा कलंडला नाही. किती दिवसांनी तो पाय तिचा वाटला.

"हेच द्या आप्पा."

"न्या अक्का," रेवणप्पा म्हणाला. आता तो हसत नव्हता.

घरी आल्यावर तिनं एक काम केलं, जे हिवरदऱ्यातल्या कुणीही केलं असतं. तिथं नवा जोडा लोखंड लावल्याशिवाय कुणी वापरत नाही. खाली खिळे, टाचेला नाल. मुरमाड रान, नुसता तळ चार महिन्यांत झिजतो. तिनं बूट श्रीमंत नावाच्या चांभाराकडं नेले. "रबर हाय, ठोकू का?" त्यानं विचारलं. "ठोक. भरपूर ठोक. जिंदगीभर जायला पायजेत," ती म्हणाली. श्रीमंतनं हात राखला नाही.

मग पंधरवडाभर ती बूट घालून रानात फिरली. कातड्याला करडईचं तेल चोळलं. टाचेला फोड आले, फुटले, फडकी रक्तानं चिकटली. तिनं फडकी बदलली आणि पुन्हा फिरली. ढेकळात फिरली, मुरमावर फिरली, बोराटीच्या काट्यांवर मुद्दाम नाचली. बाया पदरात तोंड घालून हसायच्या. ती त्यांच्याकडं बघायचीही नाही. पाय कुठंच कलंडला नाही. खिंडीत मात्र ती गेली नव्हती. खिंड एकसुळ्याची होती, हाक्याच्या दिवसाशिवाय तिथं कोण जाणार?

हाक्याच्या सकाळी ती ग्यानोबाचा भाला घेऊन खिंडीत उतरली आणि त्याच्या जागेवर पाय ठेवताच तिला कळलं.

खिंडीची जमीन म्हणजे अखंड काळा खडक. वर्षानुवर्षं ओढ्यानं घासून गुळगुळीत केलेला. खडकावर खिळे कर्रकन घसरले आणि ती पडता पडता वाचली. तिनं पुन्हा पाय रोवला. पुन्हा घसरला. पलीकडं, ओढ्याच्या वरच्या अंगाला, हलगी कडाडली. हाका सुटला होता.

नरसिंग तिच्या मागं दरडीला टेकून उभा होता, हातात कुऱ्हाड. "वैनी, काय झालं?"

"खिळं," ती म्हणाली. "खिळं घसरायलेत."

"मग काढून टाक बूट. अनवाणी थांब."

"अनवाणी ह्यो पाय मला टिकू देईल का?"

"मग चल वर. चल, वैनी. हाका थांबवतो."

हाका थांबत नसतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. माणसं जाळीत घुसली होती. हाका मध्येच थांबला तर डुक्कर त्यांच्यावरच उलटेल. सरजाबाई खडकावर खाली बसली, डावा पाय मांडीवर घेतला आणि भाल्याच्या फाळानं एकेक खिळा उपटायला लागली. फाळ निसटून तिच्या पोटरीत रुतला. तिनं तो काढला आणि पुढचा खिळा धरला. डावा आधी, कारण भरवसा डाव्याचाच नव्हता. हलगी जवळ आली. कुत्री भुंकत होती, मग एक कुत्रं केकाटलं आणि त्याचा आवाज मध्येच तुटला. डाव्याचा नाल निघाला. उजव्याला तिनं हात घातला तोवर जाळी हलली.

"आलं," नरसिंग म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

ती उठली. डावा पाय पुढं रोवला, उघडा रबरी तळ खडकाला चिकटला. उजवा मागं, त्याचे खिळे तसेच. भाल्याचं मागचं टोक मांडीला दाबलं.

एकसुळ्या जाळीतून निघाला तेव्हा त्याच्या सुळ्याला कुत्र्याचं कातडं लोंबत होतं. त्यानं तिला बघितलं आणि वाट बदलली नाही. फाळ त्याच्या खांद्यापाशी शिरला, आणि इतका धक्का बसला की तिचे दात एकमेकांवर आपटून जीभ चावली गेली. उजवा पाय घसरला, गुडघा खडकावर फुटला. आता सगळं डाव्यावर आलं. तिचं वजन, भाल्याचं वजन आणि भाल्यावर चढत येणारं ते जनावर. घोटा बाहेर कलंडायला निघाला, बुटाचं कातडं करकरलं, आणि पाय तिथंच थांबला.

डुक्कर थांबलं नाही. भाल्याचा दांडा अंगात घेत घेत ते तिच्यापर्यंत पोचलं. त्याच्या तोंडाचा वास तिच्या तोंडात आला. सुळ्यानं तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला. तिनं दांडा सोडला नाही.

"नरसिंग," ती म्हणाली. ओरडली नाही. भाकरी खायला हाक मारावी तशी म्हणाली.

पहिला घाव त्यानं डोळे मिटून घातला, तो डुकराच्या पाठीवरून निसटला. दुसरा मणक्यात बसला. मग तो थांबेना. डुक्कर पडलं, मेलं, तरी कुऱ्हाड चालूच राहिली. हाड, मांस, खडक, ठिणग्या. "दादा, दादा," म्हणत तो तोडत होता. शेवटी हाक्याच्या माणसांनी येऊन त्याला मागून कव घालून धरलं.

व्यंकटीही त्यांच्यात होता. त्यानं आपलं मुंडासं सोडलं आणि सरजाबाईचा हात करकचून बांधला.

"मुंडकं तुजं," म्हातारा केरबा तिला म्हणाला. "पयला वार ज्याचा, मुंडकं त्याचं."

सरजाबाईनं एकसुळ्याकडं बघितलं. मग उजव्या पायाच्या खिळ्यांनी तिनं त्याच्या थोबाडावर लाथ घातली. पुन्हा घातली. त्याचा डोळा फुटला, नाकाडाची कूर्चा मोडली, तो एकुलता सुळा हिरडीतून हलला. कुणी तिला धरलं नाही. दमली तेव्हा ती आपणच थांबली. "पारूबाईच्या घरी द्या," ती म्हणाली.

टेकाडावर बाया घागरी घेऊन येऊन थांबल्या होत्या. वाटेत रक्त साचलं होतं. लुगडी वर खोचून, कडेकडेनं, त्या डोहाकडं उतरायला लागल्या.

"वैनी, झोळी करतो," नरसिंग म्हणाला. "उचलून नेतो तुला."

"दवाखाना लांब हाय. तिथवर कोन उचलंल?"

"म्या उचलतो."

"सडकंपातुर चालते. तितून जीप धर."

"एवढा चढ?"

रांगत उतरलेला तो उतार ती उभ्यानं चढायला लागली, डावा पाय धोंड्यावर नीट टेकवत, उजवा ओढत. निम्म्यावर तिला भोवळ आली, ती ओकली, पदरानं तोंड पुसलं. नरसिंगनं खांदा पुढं केला, तो तिनं धरला. मग दोघं पुन्हा चढायला लागली.