अण्णांचा वस्तरा

अण्णांच्या गालावर खुंट वाढलेले मी कधी पाहिले नव्हते. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. गंगाखेडला त्यांचं कापडाचं दुकान. सकाळी आधी वस्तरा, मग आंघोळ, मग कपाळाला विभूती. "खुंटं घिऊन कुणाम्होरं जायचं न्हाई," म्हणायचे.

घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. प्रवेशाच्या दिवशी त्यांनी मला पाटावर बसवून माझी दाढी केली. "शिकायला जायलास का सरपण तोडायला?" हात इतका हलका की वस्तरा फिरल्याचं कळलंही नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. परभणीला ऑपरेशन ठरलं. साबणाने आंघोळ करून या, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरनी अण्णांचा सदरा वर केला आणि त्या थांबल्याच. छातीपासून ओटीपोटापर्यंत एकही केस नव्हता. होत्या त्या लाल चिरा, त्यांवर तुरटीचा थर, आणि बेंबीजवळ पू धरलेल्या बारीक पुळ्या. स्वतःच्या पोटावर तो हलका हात चालला नव्हता.

"हे कोणी केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच, परवा. एक केस सापडायचा न्हाई, सायेब," अण्णा खुशीत म्हणाले.

डॉक्टर रागावले नाहीत, म्हणून मला जास्तच भीती वाटली. "आतड्यात जंतू असतातच, बाबा. त्यात कातडीला अशा जखमा. टाक्यात पू झाला तर जिवावर बेतेल. केस आम्हाला चालतात, जखम चालत नाही. गरज पडली तर आम्ही मशीनने कापतो."

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. गाठ पोटात तशीच राहिली.

चिरा भरेपर्यंत त्यांनी वस्तऱ्याला हात लावला नाही, गालासाठीसुद्धा. दाढी वाढली ती सगळी पांढरी. मी हादरलो. अण्णा एवढे म्हातारे आहेत हे मला माहीतच नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल. ऑपरेशनची नवी तारीख आली, तेव्हा थिएटरच्या दाराशी त्यांनी गालावरून हात फिरवला. "असाच जाऊ का रे?" मी मान डोलावली.

टाका कोरडा राहिला. घरी आल्यावर त्यांनी आरसा मांडला, गाल गुळगुळीत केला. मग सदरा वर करून टाक्याभोवती उगवलेल्या पांढऱ्या केसांकडे पाहत बसले.

"काय बघायलाव ओ?" काकूंनी विचारलं.

"कायबी न्हाई," वस्तरा पुसून ठेवत अण्णा म्हणाले. "राहू दे म्हणलं ह्यान्ला."