सगळ्यात स्वस्त फॉर्म

बारावीच्या वर्षी माझ्या यादीत अकरा कॉलेजं होती. मला कापडाचं डिझाइन शिकायचं होतं आणि देशात जिथं जिथं ते शिकवतात ती सगळी ठिकाणं मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून काढली होती. पुढं फॉर्मची फीसुद्धा. आईनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, "अकरा? फॉर्म भरतेस की लग्नाच्या पत्रिका वाटतेस?"

फॉर्मांसाठी तिनं आठ हजार रुपये काढून ठेवले होते. कुणाची फी दोन हजार, कुणाची तीन, म्हणजे फार तर चार कॉलेजं. आमच्या घरात पगार बाबा आणतात आणि राज्य आई चालवते, त्यामुळे आठचे नऊ होणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी तीन दिवस भांडले. मला भांडायला आवडतं, खोटं कशाला बोलू?

बाबा रेल्वेत. मी पाचवीत असताना त्यांची अकोल्याहून जयपूरला बदली झाली. कॉलेज निवडायची त्यांची पद्धत एकदम सोपी होती: जयपूरहून थेट गाडी आहे का? "अहमदाबाद? वा! रात्री बसायचं, सकाळी उतरायचं. ठेव." दक्षिणेतलं एक चांगलं नावाजलेलं कॉलेज त्यांनी दोनदा गाडी बदलावी लागते एवढ्यावरून उडवलं.

"बाबा, मतलब, मला तिथं शिकायचंय! रोज अप-डाऊन नाही करायचं!"

"आधी ते हिंदीतलं मतलब सोड," बाबा म्हणाले. "आणि सुट्टीत काय उडत येणारेस?"

अशी एकेक करत सात कॉलेजं गेली. उरली अहमदाबाद, दिल्ली, नागपूर आणि इथलं जयपूरचं. चारही बरी होती, नाही असं नाही. पण मला मनापासून हवं होतं ते आसाममधलं, आणि त्यावर आईनं अगदी पहिल्याच दिवशी लाल पेनानं काट मारली होती. तिचं म्हणणं, कापडछपाईचं बगरू गाव इथं घराशेजारी असताना कापड शिकायला आसामला कोण जातं? बगरूच्या छापाच्या चादरी आमच्या घरात प्रत्येक पलंगावर आहेत, मला त्या आवडतातही. पण तिथं तयार कापडावर छापतात. मला ते कापड विणायला शिकायचं होतं, आणि आसामात हातमाग घरोघरी आहेत. हे मी आईला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ती माझ्याआधीच वाक्य पुरं करायला लागली.

चौथ्या दिवशी दुपारी बाबा ड्यूटीवर होते. मी उरलेल्या चार फॉर्मांची बेरीज करत बसले होते. सहज नजर त्या लाल काटेखाली गेली. आसामचं कॉलेज सरकारी होतं. फॉर्मची फी पाचशे रुपये. अकराच्या अकरा कॉलेजांत सगळ्यात कमी!

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. आई भेंडी चिरत होती.

"आई, सगळ्यात स्वस्त फॉर्म तू सगळ्यात आधी कापलास?"

"फॉर्म स्वस्त असेल. मुलाखतीला जायचा खर्च कोण करणार? केवढं लांब ते!"

"कसला खर्च? पास आहे ना!" आम्हा रेल्वेवाल्यांना वर्षातून काही वेळा अख्ख्या कुटुंबाला फुकट प्रवासाचा पास मिळतो, आणि त्या वर्षीचा एक अजून शिल्लक होता. "जायला-यायला एक रुपया लागत नाही. हे पैशांचं नाहीच आहे आई!"

तिनं सुरी खाली ठेवली.

"नाही पैशांचं. झालं समाधान? दोन रात्री गाडीत काढाव्या लागतात तिथं जायला. तुला ताप आला तर मी पोचेपर्यंत तू बरी होऊन कॉलेजात गेलेली असशील. मग मी तिथं करू काय, गेटवर उभी राहू?" ती रडायलाच लागली. "मी अकोला सोडलं तेव्हा माझी आई सहा महिने फोनवर नुसती रडायची. मला वैताग यायचा तिचा. आता कळतंय. मला नाही पाठवायचं तुला एवढं लांब, बस!"

भांडायला मी पूर्ण तयारीनिशी आले होते, पण मलाच रडू यायला लागलं. तिला सोडून जायचं या गोष्टीकडे मी तोवर बघितलंच नव्हतं, मी फक्त हातमाग बघत होते. "राहू दे," मी म्हटलं. "अहमदाबाद चांगलंय. राहू दे आसाम."

"राहू दे?" आई एकदम उसळली. "चार दिवस माझं डोकं खाल्लंस आणि आता राहू दे? मला रडताना पाहून कॉलेज सोडणार? उद्या मलाच ऐकवशील, तुझ्यामुळे गेलं म्हणून! काही नको. उघड तो फॉर्म."

फॉर्म मी कधीचाच भरून ठेवला होता, फक्त पैसे भरायचे राहिले होते. हे मी कबूल केलं तेव्हा तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते लिहिण्यासारखं नाही. आठ हजारांत बसवायला दिल्लीचं नाव तिनं स्वतःच खोडलं. तिथं उन्हाळा फार, म्हणाली. जयपूरच्या बाईनं हे म्हणावं!

खातं आईचं, त्यामुळे ओटीपी तिच्या फोनवर आला. तिनं पदराला हात पुसले, चष्मा शोधला आणि एकेक आकडा वाचायला लागली. "चार. शून्य. नऊ. दोन. दोन." मी टाइप करत होते. पुढचा आकडा येईना.

"आई, शेवटचा?"

ती फोनकडे बघत होती. ओठ गच्च मिटलेले.

"आई, वेळ संपेल."

"संपू दे की जरा. एवढी काय घाई आहे तुला जायची?" ती म्हणाली. मग तिनं चष्मा वर सरकवला, डोळे पुसले आणि म्हणाली, "सात. दाब लवकर, माझा विचार बदलायच्या आत."