रुस्मादींची बोटं आणि गाण्यांचा फोन

आमच्या सोलो शहरात त्या काळी मोबाइल घ्यायचा तर लोक आधी विचारायचे, रुस्मादींनी किती मार्क दिलेत? रुस्मादी काही इंजिनिअर नव्हते. ते क्रोंचोंगच्या, म्हणजे आमच्याकडच्या तारवाद्यांवरच्या गाण्यांच्या, ताफ्यात चेलो वाजवायचे, लग्नाकार्यात, सुपारी येईल तिथे. पण शहरातून निघणाऱ्या एका आठवडी मोबाइल-पत्रात त्यांचं एक पान होतं, आणि त्या पानावर ते फोनचा आवाज कसा आहे तेवढंच सांगत. बाकी कॅमेरा, बॅटरी वगैरे भानगडी संपादक रेत्नो बघायची.

त्यांची पद्धत ठरलेली. कुठलाही फोन येवो, त्यात एकच रेकॉर्डिंग घालायचं. एका लग्नात वाजवलेलं, वीस मिनिटांचं. त्यात थोरले भाऊ गुनादी व्हायोलिनवर आणि स्वतः रुस्मादी चेलोवर. आमच्याकडे क्रोंचोंगमध्ये चेलो गजाने वाजवत नाहीत, बोटांनी छेडतात, ढोलकीसारखा ठेका धरतात. स्वस्त फोनमधून हा ठेका पार गायब होतो आणि नुसतं व्हायोलिन चिरकत राहतं. "माझा चेलो कितव्या मिनिटाला सापडला" यावर मार्क ठरायचे. वाचकांना हे फार आवडे.

गुनादी गेले पावसाळ्याच्या तोंडावर. सकाळी चहा घेता घेता, काही न बोलता. जनाजा उचलताना बांबूने रुस्मादींच्या खांद्याची साल निघाली, सदरा रक्ताने भरला. बायको लास्मी म्हणाली, "दुखतंय का हो?" ते म्हणाले, "नाही." तिला वाटलं, माणसांसमोर सांगत नाहीत. घरी येऊन हळद लावताना तिने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. आणि खोटं बोलत नव्हते ते, खरंच काही कळत नव्हतं. सातव्या दिवसाचं जेवण झालं, चाळिसाव्याचं झालं, लोक रडून गेले, हे भाताच्या परातींची मोजदाद करत बसले. चेलो खोळीत घालून कपाटाच्या मागे उभा केला तो केलाच.

आणि मग तो फोन आला. खास गाण्याच्या शौकिनांसाठी, असं खोक्यावरच छापलेलं. बटणं नाहीत, सगळी काच. सुरो महिना लागला होता. सुरोत आमच्याकडे लग्न होत नाही, नवी वस्तूही कोणी घरात आणत नाही, त्यामुळे वाजवणारे आणि विकणारे दोघेही हात बांधून बसतात. कंपनीने म्हणून फोन चांगला महिनाभर ठेवायला दिला.

रुस्मादींनी काचेवर बोट ठेवलं. फोन ढिम्म. दुसरं बोट ठेवलं, अंगठा ठेवला, जोर देऊन दाबला. काही नाही. त्यांनी फोन रेत्नोच्या टेबलावर ठेवला.

"बिघडलेला पाठवलाय. परत कर."

रेत्नोने नुसतं बोट लावलं तर गाण्यांची यादी सरसर खाली गेली. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं दाबून पाहिली. "काका, ही बोटं आहेत की चपलेचे तळवे? चाळीस वर्षांचे घट्टे आहेत हे. या काचेला खालची जिवंत कातडी लागते. तिच्या लेखी तुम्ही माणूसच नाही आहात."

"म्हणजे गाणं ऐकणाऱ्यांसाठी आहे. वाजवणाऱ्यांसाठी नाही," रुस्मादी म्हणाले. रेत्नो हसली, ते हसले नाहीत. वहीत त्यांनी लिहिलं, पडदा, दहापैकी दोन.

घरी या फोनने लास्मीची चांगली करमणूक केली. उजवी करंगळी चेलोला लागत नाही, तिच्यावर घट्टा नव्हता, तेवढी एक फोनला चालायची. तर हे गृहस्थ सकाळी ओसरीवर बसून करंगळीने गाणी लावत. "नवरीसारखे काय बसलाय," लास्मी म्हणायची. "नाकाने लावून बघा. नाक तरी मऊ आहे तुमचं."

नाकानेही लागलं. तेही त्यांनी वहीत लिहिलं.

फोनचा आवाज मात्र चोख होता, हे कबूल करायला हवं. हेडफोन लावला तर चेलो पहिल्याच मिनिटाला सापडला. आजवर एकाही फोनमध्ये असं झालं नव्हतं. आणखी एक ऐकू आलं. गज टेकवायच्या आधी गुनादी नाकाने एक लांब श्वास घ्यायचे, तो श्वास. त्याच श्वासावर रुस्मादी पहिला ठोका द्यायचे, दादांनी मानही हलवायची गरज नसे. त्यांनी तो भाग चारदा ऐकला. आत काही हललं नाही. कोणाच्या तरी घरचं रेकॉर्डिंग ऐकावं तसं ऐकलं, वहीत लिहिलं, बारीक आवाजही स्पष्ट, दहापैकी नऊ, आणि जेवायला गेले.

शंभराव्या दिवसाचं जेवण सुरोच्या अखेरीस पडलं. दुवा झाली, भात-कोंबडीच्या पुड्या वाटून झाल्या, पावसाची रिपरिप चालू होती. सगळे उठले तरी पोनिरान बसून राहिला. हा ताफ्यात चाक, म्हणजे ती छोटी पोलादी तारांची गिटार, वाजवतो, आणि गुनादींच्या मागे ताफा त्याच्याच गळ्यात पडलेला.

"सुरो संपला की पुढच्याच शनिवारी लग्न आहे," तो म्हणाला. "व्हायोलिनला तुमचा पुतण्या उभा राहतोय. चेलोचं काय?"

"बघू."

"शंभर दिवस बघताय. क्लातेन गावचा एक चेलोवाला तयार आहे. सोमवारी त्याला हो म्हणालो की कायमचं हो. मग तुम्ही आलात तर मी त्याला काय, ताटं धुवायला लावू?"

"लाव त्याला चेलोवर," रुस्मादी म्हणाले.

पोनिरान छत्री घेऊन उठला. दारात वळून म्हणाला, "सोमवारपर्यंत थांबतो." लास्मी आतून सगळं ऐकत होती.

रविवारी दुपारी फोन परत करायची तयारी चालली होती. आपली गाणी पुसून फोन कोरा करून द्यायचा असतो. रुस्मादी करंगळीने एकेक पुसत होते. करंगळी दमली म्हणून सवयीने दुसरं बोट टेकवलं, आणि यादी सरसर खाली गेली.

ते थांबले. मधलं बोट लावलं. चाललं. अंगठा लावला. तोही चालला. डाव्या हाताची चारही बोटं त्यांनी एकेक करून लावून पाहिली, आणि फोनने एकालाही नाही म्हटलं नाही.

"बघा, आपोआप दुरुस्त झाला की," लास्मी म्हणाली.

त्यांनी हात उजेडात धरला. टोकांवरची पिवळी जाड कातडी कधी सुटून गेली होती, पत्ताच नव्हता. खाली गुलाबी, गुळगुळीत बोटं होती, कुठल्याही कारकुनाची असतात तशी. फोन नव्हता बदलला. हे घट्टे त्यांना सोळाव्या वर्षी पडले होते, दादांच्या समोर बसून, चुकलं की दादांच्या गजाची टोचणी खात. दादा गेले ते गेलेच होते, पण दादांनी दिलेलं एवढं एक हाताला चिकटून राहिलं होतं, आणि तेही यांच्या हलगर्जीपणाने गळून पडलं होतं. रुस्मादींना भीती वाटली. शंभर दिवसांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी वाटलं.

त्यांनी कपाटामागून चेलो ओढून काढला. खोळीवर बुरशी धरली होती. तारा उतरल्या होत्या, त्या चढवल्या. मग फोन मांडीशी ठेवला, रेकॉर्डिंग लावलं, आणि दादांच्या श्वासावर पहिला ठोका दिला.

वीस मिनिटं संपली की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला अंगठ्यावर पाण्याचा फोड आला, पाचव्या खेपेला फुटला, तार ओली झाली. ते थांबेनात. संध्याकाळची मगरिबची बांग झाली तेव्हा कुठे लास्मीने पुढे होऊन तारांवर हात ठेवला आणि त्यांचा अंगठा पदराच्या टोकात धरला.

"पोनिरानकडे निरोप पाठव," ते म्हणाले. "क्लातेनच्या माणसाला बोलवू नको म्हणावं."

"पाठवते." तिने अंगठ्यावर फुंकर घातली आणि खालच्या आवाजात विचारलं, "दुखतंय का हो?"

"हो," रुस्मादी म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "फार दुखतंय गं."