डाव्या हाताचे चार फोटो

“रत्ना, या पोरीचा हात लहान आहे. तिचाच फोटो चारदा काढ न. कोणाले समजते?”

हे सांगत होता माझा सख्खा मोठा भाऊ, भगवानदादा. एक्स-रे रूमच्या दारात उभा, दोन्ही हात चौकटीला लावून. त्याच्या मागं बाकड्यावर तीन पोट्टे आणि एक पोट्टी बसली होती. पोट्टे छताकडं बघत होते. पोरगी माझ्याकडं.

मी म्हटलं, “दादा, तू खाणीत कोळसा काढतो न? तोच काढ. फोटो मले काढू दे.”

आणि दार लावून घेतलं.

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन होते. आमच्याकडं लोक एक्स-रेला फोटोच म्हणतात. आमचं घर वणीजवळच्या राजूरचं. वडील खाणीत, त्यांच्यानंतर दादा खाणीत. मी शिकले म्हणून उजेडात आले, तर नोकरी मिळाली डार्करूमची! असो.

राजूरच्या पोरांना फुटबॉल शिकवावा लागत नाही. मला खेळता आला नाही, पण बघायला मला कोण अडवणार? रविवारी मॅच असली की मी मैदानावर. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचे की रेफ्री दचकून आपली शिट्टी तपासायचा. “दवाखान्यातली मॅडम शिट्ट्या मारते,” हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

दादा शिफ्ट संपली की पोरांना शिकवायचा. त्याच्या टीममधले माझे तीन लाडके: गोलकीपर इमरान, लेफ्ट-आउट गजू आणि सेंटर-फॉरवर्ड विलास. गजू डाव्या कडेनं सुटला की मी श्वास घ्यायचं विसरायचे. विलास हेडिंगला उडायचा तेव्हा साऱ्यांच्या डोक्यांवर त्याची मान दिसायची. त्या वर्षी ही टीम सतरा वर्षांखालच्या राज्य स्पर्धेला निघाली होती. आमच्या भागातून पहिल्यांदा.

आणि बाकड्यावरची ती पोरगी म्हणजे सविता आत्राम. बॉक्सिंगमध्ये जिल्ह्याची चॅम्पियन. पोडावरची, म्हणजे कोलाम लोकांच्या छोट्या वस्तीवरची. राजूरजवळच्या आश्रमशाळेत राहून शिकायची आणि मैदानाच्या कोपऱ्यात दादाजवळ सराव करायची. दादा तरुणपणी थोडंफार बॉक्सिंग खेळला होता. पंचिंग बॅग आणायची कुठून? ती कापसाला भाव नसलेली सालं होती. सविताच्या बापानं घरात पडलेली कवडी आणून दिली. कवडी म्हणजे डागी, किडका कापूस. चांगल्यालाच कोणी विचारत नव्हतं, तिथं कवडीला कोण विचारतो? दादानं ती गोणपाटात ठासून भरली आणि लिंबाला टांगली. सविता रोज तासभर त्या कापसाला कुटायची. मी तिला म्हणायचे, “मार व! भाव पाडणाऱ्याचं तोंड समजून मार!” ती हसायची आणि खरंच जोरात मारायची.

तर त्या दिवशी चौघांचं वय तपासायचं होतं; सवितालाही सतरा वर्षांखालच्याच गटात उतरायचं होतं. खेळ कार्यालयाचं पत्र होतं: वयाबद्दल शंका, हाडांचा एक्स-रे काढून पाठवा.

हाडांवरून वय कसं कळतं ते सोप्या भाषेत सांगते. मनगटाजवळ हाड वाढतं ते टोकाकडून. वाढ चालू असते तोवर टोक आणि दांडा यांच्यामध्ये कूर्चा असते. कूर्चा फोटोत उमटत नाही, म्हणून तिथं काळी फट दिसते. वाढ संपली की फट बुजते. फट आहे की नाही, किती आहे, यावरून डॉक्टर वयाचा अंदाज करतात. अंदाज हं. हाडावर जन्मतारीख लिहिलेली नसते. फोटो डाव्या हाताचा काढतात, कारण जे नमुन्याचे फोटो समोर ठेवून तुलना करतात ते डाव्या हाताचे असतात. टेक्निशियनचं काम फोटो काढायचं. वय ठरवायचं काम डॉक्टरांचं. पण रोज हजार हाडं बघणाऱ्या बाईला काही दिसत नाही असं समजू नका.

एकेकाला आत घेतलं. कॅसेटवर, म्हणजे फिल्म असते त्या चपट्या पेटीवर, फोटोत उमटणारे शिशाचे आकडे ठेवले: फोटोचा नंबर, तारीख. हात सपाट, बोटं थोडी फाकवून. गजू बोटं सारखी मिटून घेत होता. म्हटलं, “पेनल्टी मारताना तर भीत नाहीस बाप्पा!”

लाइट जायच्या आत फिल्म धुवायच्या होत्या. लाल बल्बच्या उजेडात डेव्हलपर, पाणी, फिक्सर. मग हँगरला लावलेल्या ओल्या फिल्म व्ह्यू-बॉक्ससमोर धरल्या.

इमरानच्या मनगटात फट होती. बारीक, पण होती. विलासची बुजलेली. गजूच्या मनगटात तर नावाला रेघसुद्धा नव्हती. हाड कसं गुळगुळीत, लग्नाला आलेल्या माणसाचं.

पोरांचा दोष नव्हता. नापास झाला की दुसऱ्या शाळेत नाव घालायचं आणि वय थोडं उतरवून लिहायचं, ही पद्धतच होती. वरून दाखल्यावरच्या तारखा साऱ्या जूनच्या. बघाल तर वाटेल, आमच्या तालुक्यात बाया जूनशिवाय बाळंत होतच नव्हत्या.

शेवटी सविताची फिल्म. दाखल्याप्रमाणं तिला सतरा पूर्ण होऊन दोन महिने झालेले, म्हणजे कागदावर ती बाद. आणि फिल्मवर? ही अशी फट! स्वच्छ, रुंद. पोरगी पंधराच्या वर असेल तर मी नाव बदलीन, असं मनात म्हटलं.

आता खरं सांगते. मी त्या डार्करूममध्ये रडले. गजू आणि विलास गेले म्हणजे टीम गेली. त्या दोन ओल्या फिल्मवर नख ओढलं असतं तर वरचा थर खरवडून निघाला असता. “फिल्म खराब झाली, पुढच्या हप्त्यात या,” म्हटलं असतं आणि तोवर टीमची यादी त्यांच्या नावांसकट गेली असती. गजूच्या फिल्मला माझं नख टेकलंही होतं. पण नाही केलं. काहून नाही केलं ते त्या वेळी सांगता आलं नसतं. चारही फिल्म सुकवल्या, पाकिटात घातल्या, सील केलं आणि रवाना.

आठवड्यानं रिपोर्ट आला. गजू, विलास बाद. इमरान पास. सविता सतरा वर्षांखालची.

राजूरमध्ये माझं नाव घरभेदी पडलं. दादानं अबोला धरला. वहिनी मात्र चोरून निरोप पाठवायची, “त्यायले भात गोड लागून नाही राह्यला, पण तुम्ही येऊ नका आत्ता.” टीम दोन पोरांवाचून गेली आणि पहिल्याच मॅचला पाच गोल खाऊन आली. इमराननं बिचाऱ्यानं बारा अडवले होते म्हणे.

मला वाटलं, संपलं. कुठचं! सवितानं विभागीय स्पर्धेत जिला हरवलं होतं, तिच्या मॅनेजरनं तक्रार केली. टेक्निशियन ही कोचची बहीण, मैदानावर शिट्ट्या मारणारी, हिनं काढलेला फोटो कसा खरा मानायचा?

यवतमाळला रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांसमोर सगळ्यांना बोलावलं. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत बॉक्सिंगची यादी पुण्याला कळवायची होती. त्या राज्य स्पर्धेतूनच खेळाच्या सरकारी होस्टेलची निवड होणार होती. राहणं, खाणं, शिकणं, खेळणं, सगळं तिथं. आणि दाखल्यावरचं वय तर दरवर्षी वाढणार. म्हणजे सवितासाठी हे पहिलं आणि शेवटचं दार होतं. नाहीतर आहेच आईच्या मागं कापूस वेचणीला.

वणीहून आम्ही एकाच एसटीनं गेलो. दादा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, मी सर्वांत मागं. मधे सविता आणि तिचा बाप. पोरगी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती.

डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. मी म्हटलं, “साहेब, पोरगी समोर आहे, पुन्हा फोटो काढून घ्या. मी बाहेर उभी राहते.”

“लोडशेडिंग आहे. लाइट सहाला येईल,” ते म्हणाले. “यादी पाचला जाते.”

त्यांनी सविताच्या बापाला विचारलं, दाखल्यावर वय जास्त कसं लागलं?

तो म्हणाला, “साहेब, हिची माय वेचणीले जाय. पोरगी ठेवू कोणापाशी? मोठ्या बहिणीसंगं शाळेत बसवली. मास्तर म्हणे, सहाची लिहितो, नाई त नाव घेता येत नाही. मी म्हटलं, लिहा.”

डॉक्टरांनी फिल्म खिडकीला धरली. सविताला म्हणाले, “बेटा, डावा हात ठेव यावर.” तिनं ठेवला. हात फिल्मवर बरोब्बर बसला. तिची करंगळी थोडी वाकडी होती, पूर्वी कधी मोडून तशीच जुळलेली. फिल्ममध्येही तीच वाकडी करंगळी.

“हात हिचाच आहे,” डॉक्टर म्हणाले.

मॅनेजर हुशार माणूस होता. म्हणाला, “हात हिचाच असेल साहेब. पण फोटो कधीचा? दोन वर्षांपूर्वी काढून ठेवला असला तर? तारीख शिशाचीच न? ती टाकणार या मॅडम. या मॅडम कोण, तर कोचच्या बहीण. काय मॅडम, मैदानावर शिट्ट्या मारता हे खरं का?”

“खरं,” मी म्हटलं. “दोन बोटांनी. ऐकायची आहे का?”

डॉक्टरांच्या मिशा हलल्या. पण त्याचं म्हणणं बिनतोड होतं. जुनी फिल्म आणि नवी फिल्म सारखीच दिसते. रजिस्टर माझ्याच हातचं. माझ्या शब्दाशिवाय माझ्याजवळ काहीच नव्हतं, आणि माझा शब्द म्हणजे एका चाहतीचा शब्द. मी सविताकडं बघितलं. तिनं हात अजून फिल्मवरून उचलला नव्हता.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

“साहेब, मी बोलू का?”

दादा. टोपी हातात.

“मी हिचा भाऊ. कोच मीच. त्या दिवशी मी हिले म्हटलं होतं, की या पोरीचाच फोटो चारदा काढ अन् माह्या तीन पोट्ट्यायच्या नावानं लाव. हिनं मले दाराबाहेर काढलं. माहे दोन हुकमी खेळाडू हिच्या फोटोनं गेले. महिना झाला, मी हिच्याशी बोलत नाही. हिले खोटंच करायचं असतं, त आधी माहं नसतं केलं का?”

डॉक्टरांनी पेन उघडलं.

डॉक्टर दादाला म्हणाले, “तुम्ही काय बोललात ते समजतं का तुम्हाला? हे मला लिहून घ्यावं लागेल.”

“लिहा न साहेब. सही करतो. पण पोरीले जाऊ द्या.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं. दादानं सही केली. मग डॉक्टरांनी सविताच्या रिपोर्टवर सही केली आणि घड्याळ बघितलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “काहून बोलला रे दादा? आता तुले कोच ठेवतील का?”

“नाई ठेवणार.”

“मग?”

“मग काय? तू बहीण असून खरं करून राह्यली, अन् मी कोच असून दारात नुसता उभा राहू का?” असं म्हणून त्यानं मला बसस्टँडवर उसाचा रस पाजला. महिन्याभरानंतर भावानं पाजलेला रस! मी दोन गिलास प्याले आणि दोन्ही वेळा डोळे पुसले. माझा भाऊ खाणीत काम करतो, हे मी लोकांना नेहमीच सांगायचे. त्या दिवसापासून जरा मोठ्या आवाजात सांगू लागले.

दादाला दोन वर्षं कोच म्हणून मैदानावर यायला बंदी झाली. तो कुंपणाबाहेर उभं राहून ओरडायचा, त्यावर बंदी नव्हती. गजू आणि विलास पुढं मोठ्यांच्या टीममधून खेळले, तिथं कोणी हाडं बघत नाही. विलास दोनेक वर्षं माझ्याशी बोलला नाही. ते त्याचं बरोबरच होतं.

सविता फायनलला हरली. पण होस्टेलला निवडली गेली. आज ती पोलिसात आहे, राज्याची चॅम्पियन होऊन मग गेली. चॅम्पियन झाली त्या दिवशी दवाखान्याच्या फोनवर तिचा फोन आला. “ताई, जिंकली न मी!” बाहेर पेशंटची लाइन होती, आत मोठे साहेब राउंडवर होते. मी दोन बोटं तोंडात घातली आणि फोनमध्ये शिट्टी मारली. त्याबद्दल मला मेमो मिळाला. तो मी जपून ठेवलाय.

आमच्या धंद्यात नव्यानं आलेल्या पोरापोरींना मी एवढंच सांगते: घरचा माणूस किंवा आवडता खेळाडू फोटोला आला, तर शिशाची तारीख ठेवताना दुसऱ्या कोणाला तरी बाजूला उभं करा आणि रजिस्टरात त्याची सही घ्या. तुम्ही कितीही खरे असा. दर वेळी दारात भाऊ उभा असेलच असं नाही.